घळींच्या मुलखातल्या जलाशयाभोवती सायकलने: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नकाशावर जलाशय फार सोपा दिसतो. निळ्या रंगाभोवती बोट फिरवलं की वाटतं, दोन दिवसांची निवांत फेरी आहे. सपाट माळावरच्या तलावाला हे लागू पडेलही. पण भूगोलाच्या पुस्तकात जिला उत्खात भूमी म्हणतात, म्हणजे मऊ मातीचा, झाडोरा नसलेला, पावसाने घळी पाडून ठेवलेला कोरडा मुलूख, तिथे धरण बांधलं की पाणी मुख्य नदीपुरतं थांबत नाही. ते प्रत्येक नाल्यात मागे सरकत जातं. अमेरिकेत मोंटाना राज्यात मिसुरी नदीवरचा फोर्ट पेक जलाशय लांबीला सुमारे २१५ किलोमीटर आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा किनारा मात्र २,४०० किलोमीटरांच्या वर जातो, म्हणजे लांबीच्या अकरा पटींहून जास्त. हा सगळा नाल्यांत शिरलेल्या पाण्याचा हिशेब.

म्हणून नवख्या माणसाची फसगत इथेच होते. समोरचा काठ दिसतो, तिथली झाडं मोजता येतात, आणि तिथवर जायला अख्खा दिवस मोडतो. या भटकंतीची आखणी जलाशय बघून करायचीच नाही. नाले बघून करायची. खालच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

१. पाणी कुठे ओलांडता येतं ते आधी शोधा

मार्ग आखताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर’ हा नसतो. पाणी किती ठिकाणी ओलांडता येतं, हा असतो. धरणाचा माथा, पूल, फेरीबोट आणि जलाशयाच्या शेपटाकडचा, नदी पुन्हा नदीसारखी दिसायला लागते तिथला पूल, एवढेच पर्याय असतात. ते नकाशावर ठळक खुणा करून ठेवा. दोन खुणांमधलं जे अंतर, तेवढ्यात तुम्ही अडकलेले असता.

फोर्ट पेकच्या धरणावरून रस्ता जातो. मातीचं हे धरण सहा किलोमीटरांहून लांब आहे आणि ते सायकलने पार करण्यात मजा आहे. पण त्यानंतरचा पूल थेट जलाशयाच्या वरच्या टोकापलीकडे. मधे काही नाही. म्हणजे ‘फोर्ट पेकची प्रदक्षिणा’ हा शेकडो किलोमीटरांचा प्रकार होतो आणि त्यातला बहुतांश वेळ पाणी नजरेलाही पडत नाही. कोलोरॅडो नदीवरच्या लेक पॉवेलची गतही तशीच: एका टोकाला धरणाजवळचा पूल, दुसऱ्या टोकाला हाइटचा पूल, आणि मधे बुलफ्रॉग ते हॉल्स क्रॉसिंग अशी फेरीबोट. ही फेरीबोट पाण्याची पातळी उतरल्यामुळे दीर्घकाळ बंद राहिली आहे. तिच्या भरवशावर मार्ग आखला आणि ती बंद निघाली, तर वळसा तासांत मोजता येत नाही, दिवसांत मोजावा लागतो.

धरणाच्या माथ्याबद्दल एक सावधगिरी. नकाशात रस्ता दिसला म्हणजे तो लोकांसाठी खुला आहे असं नाही. सुरक्षेच्या कारणाने बऱ्याच धरणांचा माथा बंद असतो, काही ठिकाणी चालत जाऊ देतात पण वाहन नाही, काही ठिकाणी ठरावीक वेळेतच सोडतात. निघण्याआधी धरण सांभाळणाऱ्या कार्यालयाला विचारून घ्या. फाटकाशी पोचून विनवण्या करण्यात अर्थ नसतो.

२. मग नाले मोजा

ओलांडायच्या जागा ठरल्या की उपग्रहाचं छायाचित्र उघडा आणि तुमचा कच्चा रस्ता किती घळी कापतो ते अक्षरशः बोट ठेवून मोजा. अशा मुलखात रस्ता दोनच प्रकारे जातो. एक तर पठाराच्या कडेने, सगळ्या नाल्यांच्या उगमांना वळसा घालत. हा लांब पण सपाट. नाहीतर पाण्याच्या जवळून, प्रत्येक घळीत उतरत आणि चढत. दुसरा रस्ता कागदावर आखूड दिसतो. वीस घळी आणि प्रत्येक घळीत तीस मीटरांचा चढ धरला, तर ६०० मीटरांची चढाई झाली, आणि तीही सुट्या खडीवर, छोट्या छोट्या उभ्या तुकड्यांत. घाटात जशी एक लय सापडते तशी इथे सापडत नाही.

ॲपमध्ये दिसणाऱ्या चढाईच्या आकड्यावर इथे विसंबू नका. अनेक ॲप जी उंचीची माहिती वापरतात ती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते आणि तिच्यातले बिंदू एकमेकांपासून साधारण ३० मीटरांवर असतात. काही ठिकाणी तर ९० मीटरांवर. वीस मीटर रुंदीची खोल घळ या जाळीतून सहज निसटते, आणि आलेखावर सपाट दिसलेला तुकडा प्रत्यक्षात सायकल ढकलत पार करावा लागतो. मी अशा भागात ॲपच्या आकड्यात निदान तिसरा हिस्सा वाढवून धरतो. हे शास्त्र नाही, सवय आहे.

आणखी एक सापळा म्हणजे जुने रस्ते. धरण होण्याआधीचे गाडीरस्ते आजही नकाशात असतात आणि ते सरळ पाण्यात उतरतात. पातळी खाली असेल तर उपग्रहाच्या छायाचित्रात ते कोरडे दिसतात आणि अख्खी खाडी कापून जाणारी पायवाट सापडल्याचा आनंद होतो. छायाचित्र कोणत्या वर्षाचं, कोणत्या महिन्याचं आहे ते बघा. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रं शेजारी ठेवा. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणामागचा लेक मीड जलाशय २००० साली जवळपास भरलेला होता. जुलै २०२२ मध्ये त्याची पातळी त्याहून सुमारे ५० मीटर खाली होती. एवढ्या फरकाने किनारा ओळखू येत नाही.

३. पहिली फेरी पूर्ण करण्याचा हट्ट नको

पूर्ण प्रदक्षिणेचं आकर्षण मी समजू शकतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने धरणाजवळ मुक्काम ठोकून एका काठाने जाऊन त्याच रस्त्याने परत येणं सगळ्यात शहाणपणाचं. परतीचा रस्ता ओळखीचा असतो, पाणी कुठे मिळालं ते माहीत असतं, आणि कंटाळा येईल ही भीती खोटी ठरते. घळींच्या मुलखात सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड इतका वेगळा पडतो की तोच रस्ता दुसराच वाटतो. त्यानंतरची पायरी म्हणजे अर्धी फेरी: एका टोकाला बसने किंवा गाडीने जायचं, दुसऱ्या टोकाला सायकलने यायचं. पूर्ण फेरी तिसऱ्यांदा.

शिकण्यासाठी काही जागा खरोखर चांगल्या आहेत. लेक मीडजवळचा रिव्हर माउंटन्स लूप ट्रेल हा सुमारे ५५ किलोमीटरांचा पूर्ण डांबरी-काँक्रीटचा सायकलमार्ग. त्याला जोडून, हूवर धरण बांधताना टाकलेल्या रेल्वेच्या जागेवरून जाणारी वाट पाच बोगद्यांमधून धरणाकडे जाते. वाळवंटातली ऊन-वाऱ्याची सवय पक्क्या रस्त्यावर करून घ्यायला यापेक्षा बरी जागा सुचत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेतला सालागूचा जलाशय १९६९ साली भरला. तो भाग खऱ्या अर्थाने रखरखीत नाही, पण काठावरची लाल माती घळींनी अशी चिरलेली आहे की घळीत उतरणं-चढणं म्हणजे काय ते तिथे कळतं, आणि फेरी एका दिवसात आटोपते.

त्यापुढची इयत्ता म्हणजे स्पेनच्या ग्रनादा प्रांतातला नेग्रातिन. ग्वादियाना मेनोर नदीवरचं हे धरण १९८४ चं. जलाशय ज्या खोलगटात आहे तिथे पूर्वी बाहेर वाट नसलेलं एक प्राचीन सरोवर होतं. त्याचा गाळ, चुनखडीयुक्त माती आणि जिप्सम यांचे थर साचले, आणि पुढे नद्यांना बाहेरची वाट सापडल्यावर तेच थर कापले जाऊन आजच्या घळी झाल्या. हा सगळा परिसर २०२० पासून युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांत आहे. पाण्याच्या काठावर हाबाल्कोन हा एकटा डोंगर सुमारे दीड हजार मीटर उंचीपर्यंत उभा आहे. दिशा चुकली की तो शोधायचा, कारण घळीतून वर आल्यावर दुसरं काहीच ओळखीचं दिसत नाही. बासा, सुहार, फ्रेइला, क्वेवास देल कांपो ही गावं पक्क्या रस्त्यांनी जोडलेली आहेत, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर डाळ शिजेना तर डांबरावर येऊन सुटका करून घेता येते. नवख्यासाठी हीच त्या भागाची खरी ताकद. जवळच्याच गोराफेच्या घळींतून ‘बॅडलँड्स’ ही लांब पल्ल्याची शर्यत जाते. २०२० मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा लॅकलन मॉर्टन जिंकला. तिचे व्हिडिओ बघून तसाच मार्ग उचलू नका. ती माणसं पाणी, झोप आणि जेवण यांचा हिशेब वेगळाच करतात.

४. माती ओळखा, मग तारीख ठरवा

उन्हाळ्यात जाऊ नये हे सांगायला नको. पण नवखे लोक ‘मग पावसाळ्यानंतर हिरवं असेल तेव्हा’ असा विचार करतात आणि तिथे अडकतात. या मुलखात पाऊस थोडा पडतो, पण पडतो तेव्हा रस्ता बंद होतो. कारण इथल्या बऱ्याच मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते. वाळलेली असताना ती डांबराइतकी टणक. अर्धा तास पाऊस झाला की तीच टायरला असा थर चढवते की दहा-पंधरा मीटरांत चाक फिरायचं थांबतं. सायकल ढकलताही येत नाही, उचलावी लागते, आणि सामान लावलेली चिखलाळलेली सायकल उचलून माणूस फार लांब जात नाही.

रंगावरून अंदाज येतो. राखाडी, निळसर राखाडी आणि वरून लाह्यांसारखा फुगीर, खरबरीत पापुद्रा असलेली जमीन म्हणजे फुगणारी माती. ओली असताना तिच्या वाटेला जाऊ नका. तांबूस, वाळू-खडी मिसळलेला रस्ता पाऊस थांबल्यावर काही तासांत चालण्याजोगा होतो. खात्री करायची असेल तर चिमूटभर माती तळहातावर घ्या, थेंब-थेंब पाणी घालून मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबून तिची पट्टी पुढे काढत राहा. अडीच सेंटिमीटरांच्या आत तुटली तर चिंता नाही. पाच सेंटिमीटरांहून लांब पट्टी न तुटता लोंबकळत राहिली तर ती चिकणमाती. आभाळ भरलेलं असेल तर त्या रस्त्याला लागायचंच नाही. एका मिनिटाचं काम आहे, आणि कुठल्याही हवामान ॲपपेक्षा जास्त उपयोगाचं.

पाऊस होऊन गेला असेल तर थांबा. एक दिवस, कधी दोन. तेवढे मोकळे दिवस आखणीतच धरा. ज्याच्याकडे परतीचं घट्ट तिकीट असतं तोच चिखलात घुसतो. चिखल चढायला लागलाच तर पॅडल मारत राहू नका. चाक आणि फ्रेममधली जागा भरली की डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग, स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, तुटतो. सायकलवरून उतरा, काटकीने किंवा टायर काढायच्या पट्टीने (टायर लिव्हरने) माती काढा, रस्ता सोडून कडेच्या दगडगोट्यांवरून ढकला.

वाऱ्याबद्दल थोडक्यात: कोरड्या मुलखात दुपारी वारा वाढतो, आणि मोठ्या पाण्याजवळ दिवसा तो पाण्याकडून जमिनीकडे वाहतो. त्या भागातल्या वाऱ्याची नेहमीची दिशा बघून फेरी उजवीकडून करायची की डावीकडून ते ठरवा. समोरचा वारा सकाळी घ्यावा, पाठीवरचा दुपारी.

५. पाण्याशेजारी राहून पाण्यावाचून

जलाशय असताना पाणी कशाला वाहून न्यायचं, हा या फेरीतला सगळ्यात महागात पडणारा प्रश्न. उत्तर तीन भागांत आहे.

पहिला भाग: पाण्यापर्यंत पोचता येत नाही. पातळी उतरलेली असली की रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा पट्टा असतो. वरचा पापुद्रा उन्हाने वाळून पांढरट, भेगाळलेला आणि टणक दिसतो. खाली लापशीसारखा गाळ तसाच असतो. पाऊल गुडघ्यापर्यंत जातं, दुसरं पाऊल त्याहून खोल. एकट्या माणसाने या पट्ट्यात शिरू नये. पाणी घ्यायचंच असेल तर खडकाळ काठ, बोटी उतरवण्याचा काँक्रीटचा उतार किंवा धरणाजवळची बांधीव जागा शोधा, आणि अशा जागा आधीच नकाशावर टिपून ठेवा. काठीने पुढची जमीन टोचत गेलात तरी ‘एवढं जमेल’ असं वाटायला लागण्याच्या आधी मागे फिरा.

दुसरा भाग: मिळालेलं पाणी गढूळ असतं. बारीक गाळ फिल्टर पाहता पाहता तुंबवतो. भांड्यात किंवा घडीच्या पिशवीत पाणी रात्रभर स्थिर ठेवा, घाई असेल तर तुरटीचा खडा काही वेळा फिरवून ठेवा, आणि वरचं नितळ पाणीच फिल्टरमध्ये घाला. रुमालातून गाळणं ही सुरुवात आहे, शुद्धीकरण नाही.

तिसरा भाग: काही पाणी शुद्ध होतच नाही. जिप्सम आणि क्षार असलेल्या जमिनीवरून आलेलं पाणी मचूळ लागतं. सायकलस्वारांकडचा साधा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले क्षार नाही. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी कोमट आणि स्थिर असताना, काठाला हिरवट-निळसर रंगासारखी साय दिसली तर ते पाणी घेऊ नका. त्या शेवाळसदृश जंतूंची विषं उकळूनही जात नाहीत.

तेव्हा पाणी सोबत हवं. सायकल चालवताना ताशी अर्धा ते एक लिटर हा वापरण्याजोगा अंदाज आहे. सहा तास चालवलं तर तीन ते सहा लिटर, मुक्कामाला दोन-तीन लिटर. गरम दिवशी आठ-नऊ लिटर म्हणजे तेवढेच किलो. हे वजन पाठीवर घेऊ नका. फ्रेमच्या खालच्या भागात आणि पुढच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना ठेवलं तर सायकल हलत नाही. सगळं एकाच पिशवीत भरू नका. एक फुटली तर सगळं गेलं.

नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक. घामाबरोबर मीठ जातं, आणि तासन्‌तास फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खारट खाणंही चालतं.

एक नियम मात्र मोडू नका: जवळचं अर्धं पाणी संपलं आणि पुढची पाण्याची जागा मागच्यापेक्षा लांब असेल, तर मागे फिरायचं. दृश्य कितीही सुंदर असो. पुढच्या वळणावर काहीतरी असेल हा विचार घळींच्या मुलखात चालत नाही, कारण पुढच्या वळणावर बहुतेकदा आणखी एक घळ असते.

६. सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, फ्रेम आणि टायरमध्ये बोटभर तरी मोकळी जागा, आणि पुढच्या दातेरी चकतीपेक्षा मागची सगळ्यात मोठी चकती मोठी. एवढं असेल तर जुनी सायकलही चालते. चिकणमातीच्या भागात मडगार्ड गैरसोयीचे. आतल्या जागेत माती ठासून बसते. काढून ठेवा.

पंक्चरचं मुख्य कारण खडक नाही, काटे. सराट्याचं फळ वाळल्यावर कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वरच राहतो, आणि माणसाने तुडवलेल्या, वाहनांनी खणलेल्या कडांवर हे जमिनीसरपट वाढणारं रोप हमखास असतं. सायकल रस्त्याखाली घेताना उचलून घ्या, ढकलत नेऊ नका. ट्यूबलेस टायर असतील तर आतला सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारा द्रव, कोरड्या हवेत लवकर आटतो. निघण्याआधी उघडून बघा. तरीही एक-दोन ट्यूब जवळ ठेवा. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून हात फिरवायचा मोह होतो, तो टाळा. कापडाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे, आणि सीलंटने आधीच बुजवलेले काटे नव्या ट्यूबला लगेच भोकं पाडतात. सगळे उपटल्याशिवाय हवा भरू नका.

जास्तीच्या वस्तूंमध्ये सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात गरजेची म्हणजे तुमच्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर. तो दर फ्रेमला वेगळा असतो, आडगावात मिळत नाही, आणि तुटला तर गिअरची सायकल म्हणजे ढकलगाडी. सोबत चेनचा जोड, टायरला आतून लावायचा तुकडा, ब्रेक पॅडची जोडी. चेनला मेणाचं किंवा कोरड्या हवेचं वंगण लावा. ओलसर तेल धूळ धरतं आणि चेनला कानस लावल्यासारखं होतं.

घळीत मोबाईलला रेंज नसते, पठारावर कधी कधी असते. नकाशे आधी उतरवून घ्या, मार्गाची फाईल मोबाईलवर आणि जमल्यास दुसऱ्या उपकरणावर ठेवा, आणि कागदी नकाशा ठेवाच. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण मित्रांकडून मागून आणता आलं तर आणा.

७. दिवसाची मांडणी

उजाडायच्या आधी सगळं बांधून तयार, उजाडताच चाक फिरलेलं. अकराच्या सुमारास थांबा आणि चारनंतर पुन्हा निघा. दुपारची सावली हीच खरी मुक्कामाची जागा ठरवते: पुलाखाली, बांधकामाच्या आडोशाला, गावात. घळीच्या उभ्या भिंतीच्या सावलीत बसताना वर बघा. या मातीत आतून पाण्याने बोगदे पडलेले असतात, वरून काही दिसत नाही आणि कडा अख्खी ढासळते. त्याच कारणाने कड्याच्या टोकाला सायकल उभी करून फोटो काढायचा नाही.

कच्च्या रस्त्यावर पहिल्या दिवशी ४० किलोमीटर पुरे. पक्क्यावर ६०-७०. यापेक्षा जास्त आखलं तर जे बघायला आलात ते राहून जातं.

ऊन लागल्याची लक्षणं एकमेकांत बघत राहा. डोकं दुखणं, गोळे येणं, चिडचिड इथपर्यंत सावली, पाणी, मीठ आणि विश्रांती यांनी भागतं. बोलण्यात घोळ व्हायला लागला, तोल जायला लागला, तर घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजायचा. माणसाला आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मदत बोलवा. त्या वेळी पिण्याचं पाणी वाचवायचं नसतं.

८. मुक्काम आणि नियम

तंबू नाल्याच्या तळाशी ठोकू नका. वाळू सपाट असते, वारा लागत नाही, जागा अगदी आमंत्रण देते. पण वीस-तीस किलोमीटर वर पाऊस झाला तरी तुमच्या डोक्यावर चांदणं असताना पाण्याचा लोंढा येऊ शकतो. नाल्याच्या कडेला काटक्या आणि कचरा कोणत्या उंचीवर अडकलाय ते बघा; लोंढा तिथवर येऊन गेलेला असतो. त्याच्या बऱ्याच वर, पण कड्यापासून लांब, अशी जागा हवी.

जलाशयाच्या काठाची जमीन बहुधा सरकारी किंवा धरण संस्थेची असते. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर उतरायला, पोहायला, भांडी धुवायला बंदी असते. स्पेनमध्ये मोकळ्यावर तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, गावाबाहेर सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि वाहनाने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे. अमेरिकेत ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या क्षेत्रांत सायकल न्यायलाच बंदी आहे. नॉर्थ डकोटाच्या घळींतला सुमारे २३० किलोमीटरांचा ‘माह डाह हे’ नावाचा मार्ग म्हणूनच सायकलवाल्यांना काही ठिकाणी वळसा घालायला लावतो. या गोष्टी जागेवर गेल्यावर कळल्या तर फेरीचा आकारच बदलतो.

वाट सोडून सायकल घालू नका. कोरड्या मातीवरचा काळपट, खडबडीत थर हा शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांनी धरलेली जमीन असते. तिच्यावर उमटलेली टायरची एक रेघ भरून यायला दशकं लागतात, आणि तोवर पावसाचं पाणी तीच रेघ पकडून नवी ओघळ पाडतं. घळींत जीवाश्म उघडे पडलेले दिसतील. फोटो काढा, जागा टिपा, हात लावू नका.

निघण्याआधी घरच्या किंवा ओळखीच्या एकाला मार्ग, मुक्कामाच्या जागा आणि ‘या दिवशी या वेळेपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवायचं’ एवढं लिहून द्या. युरोपात आणीबाणीचा नंबर ११२, अमेरिकेत ९११. मधेच मार्ग बदलला तर रेंज मिळाल्याबरोबर त्याच माणसाला कळवा, नाहीतर शोधणारे चुकीच्या काठावर शोधत बसतील आणि तो काठ, वर सांगितल्याप्रमाणे, फार लांबचा असतो.

परत आल्यावर सायकल लगेच धुवा. वाळलेली चिकणमाती नुसत्या फडक्याने निघत नाही. ती पाण्याने भिजवून मऊ होऊ द्यायची आणि मग ब्रशने काढायची. जोराच्या फवाऱ्याने मारली तर तीच माती बेअरिंगमध्ये जाऊन बसते. चेन किती झिजली ते मोजा, टायरमध्ये राहिलेले काटे उपटा, आणि हँगर वाकडा झाला नाही ना ते मागून डोळा लावून बघा.